दिवेआगरचं वाण

अनारशाचं पीठ हल्ली पुडीत मिळतं. तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत सुकवा, कुटा, गुळात मळून मुरत ठेवा, ती सगळी कटकट गेली. परवा सूनबाई तसली पुडी घेऊन आली नि म्हणाली, "आई, धोंड्याचा महिना लागलाय, यंदा जावईबापूंना बोलावून मेहूण घालू या." मी म्हटलं, घाला बाई, हौस आहे तर घाला, मला मात्र तळणीपाशी बसवू नका. तिला वाटलं, गुडघ्यांमुळे. गुडघे आहेतच, ते मेले जातायत कुठे? पण अनारसा तुपात पडला नि गूळ-खसखशीचा वास सुटला की मला दिवेआगरच्या माईंची पडवी आठवते, आणि मग दिवसभर कशात जीव लागत नाही. ज्यांची गोष्ट ती सगळी माणसं गेली. आता सांगितलं तर कोणाचं काय जाणार आहे?

आमचं घर रेवदंड्याला, आगरात. पुढे ओटी-पडवी, मागे नारळी-पोफळी, त्यामुळे भर दुपारीही माजघरात हिरवट अंधार असायचा. पहाटे रेडा रहाटाला जुंपला की लाकडाची करकर पाटाच्या पाण्याबरोबर सगळ्या वाडीत फिरायची. समुद्राचा आवाज आम्हाला ऐकूच येत नसे, इतका तो कायमचा होता. रहाट थांबला तर मात्र लगेच कळायचं. वारा फिरला की कोळीवाड्यातल्या सुकटीचा वास यायचा, आणि वडील नाकाला उपरणं लावून म्हणायचे, "दारं लावा गो." माझे वडील हरिदास होते, म्हणजे कीर्तनकार. लोक त्यांना बुवा म्हणत, आम्ही अण्णा. अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंत त्यांना बोलावणी असत. उंच, नाकेले, डोक्याला पगडी, पांढरा अंगरखा, हातात चिपळ्या. देवळात उभे राहिले की कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्याही पदरानं डोळे टिपायच्या. नवऱ्यानं बायकोशी कसं वागावं, परस्त्री मातेसमान कशी मानावी, यावर त्यांचं निरूपण ऐकावं! आणि हाच माणूस घरात आला की मुका. जेवताना "मीठ" एवढं म्हणायचे, तेही मीठ हवं असलं तर. "बाहेर सगळं बोलून येतात, घरासाठी उरत नाही," असं आई म्हणायची आणि हसायची. तेव्हा ती खूप हसायची.

आमच्या घरातला खरा देव म्हणजे अण्णांचा गळा. त्याला आंबट चालत नसे, तेलकट चालत नसे, ताक नाही, चिंच नाही, लोणचं नाही. वैशाखात शेजारीपाजारी कैरीच्या डाळीची, पन्ह्याची चंगळ चाललेली असायची आणि आमच्याकडे रोज मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. एकासाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं असं आई करत नसे, मग त्यांना वास येऊन खावंसं वाटेल म्हणून. ती आणि मी गोठ्यामागे बसून कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून खायचो, चोरासारख्या. रोज सकाळी ज्येष्ठमधाचा काढा, मिठाच्या गुळण्या, उपरण्याला खळ करून बोटांनी चुण्या पाडणं, हे सगळं तिचं काम. अण्णा बाहेरगावी गेले की घर सैल सुटायचं. त्या दिवशी हमखास आमसुलाचं सार व्हायचं.

आईचा गळा अण्णांपेक्षा चांगला होता. लेक म्हणून नाही सांगत, गावातले पेटीवाले स्वतः म्हणाले होते. आई जात्यावर बसली होती आणि ते पडवीत पेटी पुसत थांबले होते. म्हणाले, "बुवा, ध्रुवपदाला वहिनींना मागे उभं करा. देऊळ भरून जाईल." अण्णांनी पगडी खुंटीला लावली. "हरिदासाच्या घरची बाई चारचौघांत गळा काढत नाही," एवढंच म्हणाले. जातं थांबलं नाही, पण गाणं थांबलं. त्यानंतर आई ओठ मिटून गुणगुणायची, तेही अण्णा घरात नसले तर. मी विचारलं होतं तिला, की तुला वाईट नाही का वाटलं. "अगो, कुळाची रीत असते एकेक," म्हणाली. रीत आहे म्हटलं की तिचं समाधान व्हायचं. रीत सगळ्यांना सारखीच असणार, असं ती धरून चालली होती.

मी चौदा-पंधराची असेन. धोंडा वैशाखात आला होता आणि अण्णा महिनाभर दिवेआगरला होते. तिथल्या देवळात रोज संध्याकाळी त्यांचं कीर्तन, मुक्काम माईंच्या घरी. माई म्हणजे तिथल्या मोठ्या वाडीवाल्यांच्या घरची कर्ती बाई. गेल्या धोंड्यातही अण्णा त्यांच्याकडेच होते. तर एके सकाळी पांडू तांडेल, ज्याचा मचवा दिघीपर्यंत माल नेत असे, तो आमच्या बेड्यापाशी, वाडीच्या फाटकाशी, येऊन उभा राहिला. "वयनी, दिवेआगरशी सांगावा हाय. पुनवेला मेहून हाय, माईनी तुमाना बोलावलंय. सोबतीला कोनाला तरी आना म्हनली." धोंड्यात नवराबायकोच्या जोडीला लक्ष्मीनारायण मानून जेवू घालतात, दोघांचे पाय धुतात, तेहतीस अनारशांवर दिवा लावून वाण देतात. जोडी हरिदासाची असली तर दुधात साखर. आई शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली. "मला बोलावलंन? मलाच?" पांडू हसला. "बुवा तिकरं सांगत व्हते, तुमाना बोट लागते म्हून येनार न्हाय. तवा माई म्हनली, बुवाला इचारूच नको, सरल वयनीला सांग, नि आन तुज्या मचव्यातून."

"बोट लागते?" आई म्हणाली. "मी बोटीत बसल्ये कधी?"

ती तेव्हा रागावली नाही. उलट हसलीच. अण्णांना तिची काळजी, म्हणून काहीतरी सांगितलं असेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. तिचं जांभळं लुगडं पेटीतून निघालं, त्याच्या घड्यांत ठेवलेल्या वाळ्याच्या काड्या खाली पडल्या. तिनं शेजारच्या काकूंकडून मोत्याच्या कुड्या मागून आणल्या. अण्णांच्या शेजारी पाटावर बसायचं, चारचौघांत, हे तिला लग्नानंतर कधी मिळालंच नव्हतं. "बोलतील तरी काय, मला बघून?" असं तिनं मला इतक्यांदा विचारलं की मी कंटाळून म्हटलं, "मीठ म्हणतील."

मचव्यात बोट लागली ती मला. रेवदंड्याचा किल्ला मागे गेला नि मला ओकाऱ्या सुरू झाल्या. आई माझं डोकं मांडीवर घेऊन ताठ बसली होती, वारं खात, शेंगदाणे खात. पांडूनं विचारलं, "वयनी, लागते का बोट?" ती म्हणाली, "मेल्या, मला लागली तर तुला सांगीन हो." दिघीला उतरून बैलगाडी केली. वाटभर ती कपाळावरचं कुंकू हातानं चाचपून बघत होती.

माईंची पडवी शेणानं नुकती सारवलेली होती. आत अनारसे तळणं चाललं होतं. माई सोवळ्यातच बाहेर आल्या, धिप्पाड, मोठ्ठं कुंकू लावलेल्या, मनानं मोकळ्या. "कोण हो तुम्ही?" मी म्हटलं, "रेवदंड्याहून आलो. बुवांच्या घरून." माईंनी आईकडे बघितलं, मग आमच्या मागे गाडीकडे बघितलं, आणखी कोणी उतरतंय का म्हणून. "अगोबाई, म्हणजे बुवांच्या भगिनी होय तुम्ही! पोरीच्या नाकावरनं ओळखायला हवं होतं. आणि वहिनी कुठायत?"

आई म्हणाली, "वहिनी?"

"बुवांचं कुटुंब हो. गेल्या धोंड्यात महिनाभर होत्या की इथे. गोऱ्या, सडसडीत. काय गळा आहे बाईचा! बुवांनी चरण सोडला की मागनं अशा उचलून धरीत, माणसं उठायला तयार नसत. मी स्वतः पाय धुतले त्यांचे ह्या पडवीत. त्यांच्यासाठी तर घातलाय हा घाट."

आईनं माझं मनगट धरलं होतं, ते आणखी घट्ट धरलं. मला वाटलं, आता ही बोलणार. मलाच ओरडावंसं वाटत होतं की बायको ही, ही, माझी आई. पण मी तिच्याकडे पाहिलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती आतल्या चुलीकडे बघत होती. रहाटासाठी पाळलेला रेडा, भाताची कणगी, माझ्या फ्रॉकचं कापड, सगळं अण्णांच्या शब्दावर चालायचं, आणि हरिदासाचा शब्द एकदा खोटा ठरला की किनाऱ्यावरचं एकही देऊळ त्याला उभं करणार नाही, हे तिला माझ्याआधी कळलं. फार वेळ लागला नाही तिला. माईंना संशय यायलाही वेळ मिळाला नाही.

"वहिनीला बरं नाही," आई म्हणाली. "म्हणून मला पाठवलंन. ही माझी लेक."

झालं. माझी आई माझ्या अण्णांची बहीण झाली आणि अण्णा माझे मामा झाले. माईंनी चुकचुकून आम्हाला आत नेलं, पन्हं दिलं. ते आंबटगोड पन्हं आई घटाघट प्यायली आणि कासोटा खोचून तळणीपाशी जाऊन बसली, घरच्या नणंदेनं बसावं तशी. "असू दे हो माई, सवय आहे," म्हणाली. तिचा एकही अनारसा हसला नाही, म्हणजे तुपात विरघळला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. धुराचं निमित्त बरं होतं.

दुपारी अण्णा देवळातून आले. ओल्या केसांनी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. पडवीत पाय ठेवला आणि माजघराच्या दारात आई. त्यांचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही, आणि खरं सांगते, विसरायची इच्छाही नाही. लोकांना वाक्यावाक्याला रडवणारा तो माणूस. तोंड उघडलं आणि त्यातून काही निघेना. माई मागेच उभ्या होत्या. आई पदर सावरून पुढे झाली.

"दादा, आलास? बरा आहेस ना? वहिनीला बरं नाही, तेव्हा मीच आल्ये."

जन्मात तिनं त्यांना "अहो" शिवाय हाक मारली नव्हती. "तू" तर नाहीच नाही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? मी म्हटलं, "मामा, नमस्कार करते," आणि वाकले. मला त्यांचे पाय धरून हिसडावेसे वाटत होते. त्या क्षणी एक शब्द बोलले असते, "ही माझी बायको," एवढंच, तर मी त्यांना बाकी सगळं माफ केलं असतं. सगळं. ते म्हणाले, "बरं केलंस आलीस." आणि विहिरीवर हातपाय धुवायला गेले.

बहीणभावाचं मेहूण होत नाही. माई हळहळल्या, मग त्यांनी आपल्या भाचीला आणि तिच्या नवऱ्याला पाटावर बसवलं. नवीन लग्न झालेली पोरं ती, लाजून एकमेकांकडे बघत होती. माई त्यांचे पाय धुवत होत्या आणि वरून तांब्यानं पाणी घालत होती माझी आई. धार कुठे हलली नाही. पंगतीत तिनं वाढलंही. अण्णांच्या पानापाशी आली तेव्हा विचारलंन, "दादा, सार वाढू? नको, तुझा गळा." माई हसून म्हणाल्या, "बहिणीला बरं सगळं ठाऊक!"

दुपारी माणसं लवंडली तेव्हा आई परसात अण्णांचं उपरणं चुण्या पाडून पिळत होती. मी केळीखाली बसले होते. अण्णा आले. आजूबाजूला कोणी नव्हतं. "अगं," ते म्हणाले, "ऐक तरी. ती मुरूडची. बालविधवा आहे बिचारी, द्वारका नाव. गाण्याची साथ एवढंच होतं आधी. इथे माईंनी विचारलं ह्या कोण, आणि माझ्या तोंडून निघून गेलं..." आईनं पीळ पक्का केला. "सांगून टाकायचं होतंस माईंना," अण्णा म्हणाले. "मी तरी सुटलो असतो." तेव्हा मात्र तिनं वर पाहिलं. "सुटायचंय? मग आज कीर्तनात सांग. गाव गोळा होतंच आहे." अण्णांनी मागे वळून घराकडे पाहिलं. "नाही ना होत? मग हे घे. ओलं आहे, खांद्यावर टाकू नकोस, सर्दी होईल. जा दादा." ऐकायला कोणी नसतानाही ती दादा म्हणाली, तेव्हा मला कळलं की हे आता सोंग राहिलेलं नाही.

संध्याकाळच्या कीर्तनात एका पतिव्रतेचं आख्यान ठरलं होतं, लोक आसपासच्या गावांतून आले होते. अण्णांनी बायकांच्या बाजूला एकदा पाहिलं आणि हत्ती-मगरीचं आख्यान लावलं. कुजबुज झाली. त्या दिवशी तो हत्ती फार वेळ ओरडला. आवाज मध्येच फाटला, तेव्हा लोकांना वाटलं बुवा भक्तीनं गहिवरले. "निदान तेवढी तरी लाज आहे," आई माझ्या कानात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निघताना माईंनी पितळी ताटलीतलं वाण फडक्यात बांधून आईच्या हातात दिलं. तेहतीस अनारसे, वर खण, नारळ, हिरव्या बांगड्या. "वहिनींच्या नावानं काढून ठेवलं होतं. दिवा दाखवलाय. त्यांनाच पोचतं करा हो. त्यांचं माहेर मुरूडला ना? दुखणं आहे तर तिथेच असतील. आमचा धाकू गेल्या खेपेला सोडून आला होता, तो घर दाखवील." वाण ज्याच्या नावाचं त्यालाच जावं लागतं. वाटेत कोणाला द्यायचं नाही, खायचं नाही, टाकायचं तर नाहीच नाही. खाडी ओलांडताना मी म्हटलं, "आई, दे ते पाण्यात सोडून." ती म्हणाली, "माईनं श्रद्धेनं दिलंन. तिचा काय दोष?"

मुरूडला देवळामागच्या बोळात धाकूनं लांबूनच दार दाखवलं आणि तो बाजाराला गेला. दार उघडलं ती बाई आईहून लहान होती. साधं फिकट लुगडं, हात मोकळे, कपाळ मोकळं. खोलीत एक शिवणाचं मशीन, कोपऱ्यात फडक्याखाली वाजवायची पेटी. आई म्हणाली, "मी रेवदंड्याहून आल्ये." एवढ्यानंच त्या बाईनं चौकट धरली. माझ्याकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला, कारण मी अगदी अण्णांवर गेलेली.

"दिवेआगरच्या माईंनी तुम्हाला वाण दिलंय," आईनं गाठोडं पुढे केलं.

"मला नाही चालत," ती म्हणाली. "बघताय ना तुम्ही. माझी कोण ओटी भरणार?"

"तिथे भरलीन की माईनं."

"महिनाभर कुंकू लावलं मी." ती बाई रडत नव्हती, दमल्यासारखं बोलत होती. "पहिल्या दिवशी लावायला हात उठेना. त्यांनीच लावलं. तुम्हाला काय सांगू, महिनाभर बाजारातून जाताना लोक बाजूला होत नव्हते. परत आल्यावर धाकूची पाठ फिरली तशी इथेच अंधारात पुसलं. मला मारा हवं तर. मी तुमचं घेतलं, ठाऊक आहे मला."

आईनं कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. मग तिनं जे विचारलं ते मला अजून उमगलेलं नाही, किंवा फार चांगलं उमगलंय. "तुम्ही मागे उभ्या राहून गायचात. तेव्हा ते वळून बघायचे का?"

द्वारकाबाई म्हणाल्या, "नाही. कधीच नाही."

"हं," आई म्हणाली. "धरा पदर." आणि त्या विधवा बाईच्या पदरात तिनं खण, नारळ, अनारसे, बांगड्या सगळं ओतलं. रीतीच्या मागे आयुष्य घालवलेली माझी आई! "हे माझं नाही, माईंचं आहे, तुमच्या नावाचं. मी फक्त पोचतं केलं. त्यांच्या बहिणीनं." द्वारकाबाई मटकन खाली बसल्या, तशाच, पदर धरून. आम्ही पाणीही न घेता निघालो.

साळावच्या धक्क्यावरून रेवदंड्याच्या होडीत बसलो. टोपल्या घेतलेल्या कोळणी होत्या, त्यांची कलकल चालली होती. होडी खाडीच्या मध्यावर आली आणि आई गायला लागली. ओठ मिटून नाही, चांगला मोकळा आवाज लावून, जात्यावरची ओवी. कोळणी वळून बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "वयनी, तुजा गला साकरंवानी गोर हाय गो!" आईनं मान हलवली आणि पुढची ओवी घेतली. मी पाण्याकडे बघत रडत राहिले. मला अण्णांचा राग आला होता, तो आजही पुरता गेलेला नाही. नेटानं धरून ठेवण्याइतकी ताकद आता नाही, एवढंच.

त्यानंतर आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. आरडाओरडा नाही, माहेरी जाणं नाही. अण्णा परत आले तेव्हा आईचं अंथरूण माझ्या खोलीत होतं. काढा, गुळण्या, उपरणं, मऊ भात, सगळं चालूच राहिलं. पण वैशाखात आमच्या चुलीवर कैरीची डाळ व्हायला लागली, अण्णांच्या समोर. लोकांसमोर ती त्यांना कसलीच हाक मारत नसे. घरात दादा. सुरुवातीला अण्णा दचकायचे, मग ओ द्यायला लागले. मुरूडला ते जात राहिले की नाही, मला ठाऊक नाही. आईनं विचारलं नाही. हसणं मात्र तिचं गेलं. सकाळी रहाटाबरोबर ती मोठ्यानं ओव्या म्हणायची आणि अण्णा पडवीत खाली मान घालून ऐकायचे. मला तो आवाज ऐकवेना, इतका दमलेला असायचा. माझं लग्न झालं, मी अलिबागेस गेले, आणि सुटले असं मला वाटलं. लाज वाटते पण वाटलं.

अण्णांचा गळाच शेवटी गेला. गाठ झाली. आवाज बसला, मग अन्न जाईना. आईनं चमच्यानं पेज पाजली, रात्रंदिवस केलं. सख्ख्या बहिणीनंही केलं नसतं, असं गाव म्हणायचं, आणि मला हसू की रडू कळायचं नाही. शेवटच्या दिवसांत त्यांनी खुणेनं आईला जवळ बोलावलं, ओठ हलवले. आवाज नव्हताच. आई म्हणाली, "कळलं रे दादा, पड आता." काय कळलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. सकाळी रहाट सुरू होता होता ते गेले.

अण्णांना पोचवून माणसं परतल्यावर आळीतल्या बायका आल्या, आईचं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला. एकीनं पाटा ओढला, दुसरीनं तिचा हात धरला. आईनं हात सोडवून घेतला. शांतपणे म्हणाली, "माझ्या नका फोडू गो. भावासाठी कोणी बांगड्या फोडत नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला, "दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं." कोणीतरी पुन्हा हात धरू पाहिला, तेव्हा मी मध्ये पडले. मी म्हटलं, राहू द्या, मी सांगते ना, राहू द्या. जन्मभर आळी तिला नावं ठेवत राहिली. नवरा मेला तरी कासाराकडे जाऊन हिरवा चुडा भरते म्हणून. तिनं कोणाला उलगडून सांगितलं नाही.

अण्णा गेले त्याच दिवशी तिनं मला पांडूकडे धाडलं होतं. तो आता थकला होता, मचवा त्याचा मुलगा चालवायचा. "मुरूडला निरोप दे," एवढंच सांगायचं होतं. तेराव्याच्या आदल्या दिवशी बेड्यापाशी एक बाई येऊन उभी राहिली, केस पिकलेले, हातात छोटी पिशवी. आत यायचं की नाही कळेना तिला. आई पडवीतून उतरून वाडीच्या टोकापर्यंत गेली. बायका बघत होत्या. आईच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या आणि तिनं त्या बाईचा मोकळा हात धरून तिला पायऱ्या चढवून आणलं.

"या वहिनी, आत या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. अण्णांच्या तसबिरीसमोर पाट मांडलान, तिला त्यावर बसवलंन, आणि माझ्याकडे वळली.

"इंदू, मामींना पाणी दे."